चाळीस दिवस चव घेतली नाही

मी मार्था. माहेर नगरकडचं, तिकडे वडील चर्चची घंटा वाजवायचे, आणि लग्न होऊन आले ती इथे विश्रांतवाडीत, त्याला झाली असतील तीस वर्षं. डबे करते, खराडीच्या कंपन्यांतली पोरंपोरी माझ्या हातचं जेवतात. शेजारच्या खोलीत माझी धाकटी जाऊ करुणा राहते, मध्ये नुसती एक भिंत, तरी दोन वर्षं आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो.

काय सांगू तुम्हाला, माझंच तोंड वाईट. सासूबाई शेवटी करुणाकडे होत्या, मी माझ्या डब्यांत, आणि गेल्या तेव्हा म्हातारीची नुसती काडी झालेली. दफनाच्या वेळी सगळी मंडळी उभी असताना मी म्हणाले, हिनं आईंना उपाशी मारलं. करुणा काही बोलली नाही. बोलत नाही म्हणजे खरंच असणार, असं मी धरून चालले.

मागच्या वर्षी लेंटचे दिवस आले, म्हणजे इस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, आमचे उपासाचे. मी ठरवलं, दिवसभर काही खायचं नाही, दिवेलागणीनंतर दोन घास, आणि प्रभूकडे मागणं एकच, करुणाला कबूल करायला लाव. आणि हे सगळ्या गल्लीला सांगून हो, मागणं सोडून. समोरच्या काकू साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या, म्हटलं काकू, आमच्यात उपासाचं वेगळं खाणं नसतं, तर म्हणाल्या, मग उपास करता तरी कशाला.

पण डबे करणारीनं उपास धरला की भाजी चाखणार कोण? नवरा पहाटेच कामावर जातो. अंदाजानं मीठ टाकायची, एक दिवस आमटी खारट, दुसऱ्या दिवशी अळणी, पोरांचे फोन सुरू झाले. आठवडाभर रेटलं, मग एका सकाळी वाटीत भाजी घेतली, लाज गुंडाळून ठेवली आणि करुणाच्या दारात उभी राहिले, तिनं काही उपास धरला नव्हता. म्हटलं, मीठ बघ जरा. तिनं चाखलं, म्हणाली, थोडं हवंय. रोज तेवढंच बोलणं, रोज तेवढंच.

पंधरा-वीस दिवसांनी मलाच राहवेना. विचारलं, शेवटी आईंना खायला काय देत होतीस गं? ती वाटी हातात धरून म्हणाली, ताई, त्यांना गिळताच येत नव्हतं, पेज घातली की बाहेर यायची, शेवटचे तीन दिवस तर पाणीसुद्धा नाही. त्यांच्यासमोर मला घास घेववेना, मग मीही नाही जेवले.

मी म्हटलं, कुणाला बोलली नाहीस?

म्हणाली, त्यात सांगायचं काय.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. उपास माणसांना दाखवायचा नसतो, हे मी परकरात होते तेव्हापासून ऐकतेय, आणि मी काय केलं, फार लाज वाटली मला.

इस्टरला चर्चमध्ये साक्ष द्यायची वेळ आली, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायचं. पाळकसाहेब म्हणाले, मार्थाबाई, चाळीस दिवस धरलेत, सांगा. मी उठले. म्हटलं, दफनाच्या दिवशी मी तुम्हा सगळ्यांसमोर खोटं बोलले. करुणानं आईंना उपाशी ठेवलं नाही, ती त्यांच्याबरोबर उपाशी राहिली.

लगेच सगळं गोड झालं असं नाही. करुणा अजून कमीच बोलते, माझे शब्द तिला आठवत असतील, आठवू देत, बोललेच होते मी. पण सकाळी माझ्याकडे येते, पोळ्या लाटू लागते, आणि मी डबे भरायला घेतले की म्हणते, ताई, आधी तुम्ही दोन घास खा. मी मुकाट्यानं खाते. देव तिचं भलं करो.