इंदूबाईचं शेवटचं कडवं

मंडळी, मागं उन्हात उभ्या असलेल्या बायांना जरा मांडवात घ्या. सरकून बसा. इंदूबाईच्या कार्यक्रमात आपण असेच खेटून बसायचो, आज ती नसतानाही बसू.

वामनभाऊ, सुनीता, तुमच्यासमोर उभं राहून बोलणं मला जड जात आहे. मी काही शिकलेला माणूस नाही. रेडिओ उघडून उघडून दुरुस्ती शिकलो आणि तळेगावात दुकान टाकलं. आधी कॅसेटी, मग सीडी, मग मोबाइलची मेमरी कार्डं गाण्यांनी भरून देणं. भाषण कुठं शिकलो नाही. पण आज जे बोलायचं आहे ते माझ्याशिवाय दुसरं कोणी बोलू शकत नाही. म्हणून उभा आहे.

इंदूबाई ह्याच बोरगावची. गाणी स्वतः जुळवायची, स्वतः गायची. ढोलकीवर वामनभाऊ, तिचे मालक, ह्या सुनीताचे वडील. मागं कोणी मोठी कंपनी नाही, कोणाचा वशिला नाही. वर्धेत एका खोलीत गाणी भरून घेतली, सीडी काढली. कार्यक्रम संपला की खांद्याला पिशवी लावून लोकांत फिरायची, "घेता का वं बाई, माहीच गाणी हायेत."

एक सीडी मीही घेतली. आणि त्या एका सीडीतून गावोगावची कार्डं भरली. तिला विचारलं का? नाही. तेव्हा कोण कोणाला विचारत होतं? उतरवायचं, भरायचं, द्यायचं. तिचं इहीणबाईचं, म्हणजे विहिणीच्या चेष्टेचं गाणं तर असं चाललं, की गिऱ्हाईक दारातूनच ओरडायचं, "दादाजी, ते इहिणीवालं टाकजा बरं!"

एका बाजाराच्या दिवशी ती स्वतःच दुकानात आली. मी स्टूल पुढं सरकवलं. ती स्टुलावर बसली, पाणी प्याली, आणि म्हणाली, "काऊन गा भाऊ, मले न विचारता गावोगाव हिंडवून राह्यला तू?"

"चुकलं बाई."

"चुकलं तं चुकलं. माह्या पिशवीतली सीडी कुठवर जाणार होती? परवा आर्वीकडची एक पोरगी मलेच माहं गाणं शिकवून राह्यली होती!" खूप हसली. मग थांबून म्हणाली, "एकच सांग. गाणं पुरं देतं ना तू?"

मी म्हटलं, "हो बाई. पुरं देतो."

मंडळी, ते खोटं होतं.

ते गाणं तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. सगळी चेष्टा. इहिणीचं नाक, इहिणीचा तोरा, इहिणीचं रुसणं. ढोलकी नुसती उधळलेली. आणि मग ढोलकी एकदम थांबते. शेवटचं कडवं इंदूबाई नुसत्या आवाजात, सावकाश म्हणायची:

हसू नका सोयऱ्याहो, मीबी होती नवरी,
इंदू म्हणे, माय माही एकटी उभी ओसरी.

गाणं जुळवणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं, ही आपली जुनी रीत. पण गिऱ्हाईक म्हणायचं, "नाचता नाचता हे रडगाणं कायले? तेवढं उडवा." कार्डात जागाही कमी असायची. मी कॉम्प्युटरवर, ढोलकी थांबते बरोबर तिथं कात्री लावली. आणि तेच कापलेलं गाणं सगळ्यांना दिलं. कोणीतरी ते इंटरनेटवर चढवलं आणि खाली लिहिलं, 'जुनं पारंपरिक लग्नगीत'. मग साऱ्या मुलखानं तेच उतरवून घेतलं. कडव्यासोबत तिची माय गेली आणि तिचं नावही गेलं.

दोनेक वर्षांनी सिंदी मेघेत लोकगीतांची स्पर्धा होती. मी तिसऱ्या ओळीत बसलो होतो. इंदूबाईनं ते गाणं पुरं म्हटलं. माइकवरचा माणूस हसत हसत म्हणाला, "बाई, गाणं तं झकास. पण जुन्या गाण्याले आपल्या नावाचं शेपूट कायले जोडलं?" मागून कोणी ओरडलं, "मावशी, उद्या ताजमहालावरबी नाव टाकजा!" सारा मांडव हसला. वामनभाऊ उठायला गेले. तिनं त्यांचं मनगट धरलं. "बसा. ढोलकी सांभाळा."

मला काय करायचं होतं? उठून एवढंच म्हणायचं होतं, की गाणं हिचंच आहे, तोडलं ते मी. मी उठलो नाही. हातात शेंगदाण्याचा पुडा होता, तो खात बसलो. तिसऱ्या ओळीत.

पुढं एका लग्नात तिला ऐकलं. ढोलकी थांबली. इंदूबाईही थांबली. हात जोडले आणि खाली बसली. शेवटचं कडवं म्हटलंच नाही. त्यानंतर कधीच म्हटलं नाही. मी जिथं कात्री लावली होती, तिथंच ती आपण होऊन थांबायला लागली.

दोनदा तिच्या घरी आलो होतो, सांगायला. पहिल्यांदा पाहुणे होते. दुसऱ्यांदा ती एकटी होती. तिनं चहा ठेवला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली, आणि म्हणाली, "भाऊ, तुह्यामुळं माहा आवाज लोकांच्या घरात गेला." हे तिनं जाणून म्हटलं की अजाणता, मला अजून उमगलं नाही. मी चहा प्यालो आणि परत गेलो.

आत्ता मांडवाच्या तोंडाशी एक बाई भेटल्या. शेजारणीसोबत आल्या आहेत. मला म्हणाल्या, "दादाजी, ते गाणं ह्या बाईचं होतं का? माह्या पोरीच्या हळदीले वाजलं. मी तं जुनंच समजत होती." आता त्यांचा काय दोष? त्यांनी जीव लावून ऐकलं. उतरवून घेणारा आवडलं म्हणूनच उतरवतो, त्याला मी चोर म्हणणार नाही. पण गाणाऱ्याला बोलावणं जातं ते नावानं. नावच नाही, तर बोलावणार कोणाला? हळदीहळदीत इंदूबाई वाजत होती, आणि इंदूबाई घरी बसून होती.

सुनीतानं आईची सगळी गाणी पुरी, आईच्या नावानं पुन्हा चढवली आहेत. ती उतरवून घ्या. चार जणांना द्या. देताना तोंडानं नाव सांगा. आणि ज्याच्या मोबाइलमधलं गाणं ढोलकीपाशी संपतं, त्यानं ते आज इथंच पुसून टाकावं. ते तोडलेलं गाणं माझी करणी आहे, तिचं गाणं नाही.

वामनभाऊ, सुनीता, मी तुमचा अपराधी आहे. माफ करा म्हणायचीही मला लाज वाटते, तरी म्हणतो.

इंदूबाई, गाणं तुहंच होतं वं माय. सिंदीच्या मांडवात हे बोलायचं होतं. तिथं चूप बसलो, आणि आता तू ऐकायले नाई.

मंडळी, उभे राहा. दोन मिनिटं आपण सगळे तिच्यासाठी चूप राहू. माहं बोलून झालं.