काहिल जाईल एवढं फाटक

जमलेल्या सगळ्या भावांनो, बहिणींनो, आणि इथं पुढं बसलेल्या वहिनी,

माईक हातात दिलाय खरा, पण काय बोलावं ते सुचत नाय. मी मंडपवाला माणूस. मुकुंदवाडीत माझं दुकान. लग्न असो, वाढदिवस असो, नाहीतर अशी सभा असो, मी मागं उभा राहून वायर सांभाळतो. बोलायचं काम दुसऱ्याचं. आज दत्तूअण्णांच्या शोकसभेत मलाच पुढं केलंय. अन् माईक माझाच हाय, त्यामुळं तो बिघडला म्हणायचीही सोय नाय.

एक गोष्ट आधीच सांगतो. माझ्या आवाजात आज तुम्हाला दुःखापेक्षा घाई जास्त ऐकू येईल. राग मानू नका. अण्णा गेल्या आठवड्यात शेतातनं आले, पाणी मागितलं, अन् बसल्या जागी गेले. तेव्हापासून मला घास गोड लागत नाय. पण मघाशी आतल्या खोलीत वहिनी मला जे बोलल्या, ते तुम्हाला कधी सांगतो असं झालंय. सांगतो. आधी अण्णांचं बोलू द्या.

बाहेरगावच्या पाहुण्यांना ठाऊक नसेल. या गावाच्या खाली तलाव हाय. तिथं जायला एकच गाडीवाट. त्याच वाटेनं गुरं पाण्यावर जायची, बाया धुणं न्यायच्या, भोई जाळी घेऊन उतरायचे, गणपती जायचे. मग शेजारची जमीन शहरातल्या एका शेठनं घेतली, फार्महाऊस बांधलं, अन् वाटेवर दोन झडपांचं लोखंडी फाटक बसवलं. गावानं आरडाओरडा केला तेव्हा शेठ म्हणाला, बरं, बाजूला छोटं दार ठेवतो, माणसं जातील. निम्मं गाव खूश झालं. व्हय की नाय? मीही म्हणालो, अण्णा, मिटवून टाका, दार दिलंय की.

अण्णा लई भडकले. म्हणाले, "रशीद, आज माणूस जाईल एवढं दार. उद्या लेकरू जाईल एवढं. परवा नुसती नजर जाईल एवढं. वाट म्हंजी तिच्यावरनं गाडी गेली पायजे."

मी म्हणालो, आता गाडीबैल राहिलेत कुणाकडं?

अण्णा उठले अन् मला घरामागं घेऊन गेले. त्यांचं गुऱ्हाळ बंद पडून जमाना झाला होता. उसाचा रस आटवायच्या लोखंडी काहिली तिथं पालथ्या पडल्या होत्या. एकेक काहिल एवढी, की आत चार माणसं मांडी घालून जेवतील. अण्णांनी एकीला लाथ मारली. म्हणाले, "ह्यांची शर्यत लावू. तलावात. छोट्या दारातनं काहिल कशी जाती ते बगू."

हसलात ना? मीही हसलो. पण काहिल तरंगते हो. जुनी माणसं नदीला पाणी असलं की काहिलीतच बसून पलीकडं जायची. अन् शर्यतीची जी वर्गणी जमेल, तिच्यातनं वाटेवर मुरूम टाकायचा, काठाला पायऱ्या करायच्या, बायांना धुण्याचे दगड बसवायचे, असं अण्णांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

शर्यतीच्या दिवशी आम्ही काहिली खांद्यावर घेतल्या, पुढं हलगी, मागं सगळं गाव. फाटकावरच्या वॉचमननं छोट्या दाराकडं बघितलं. काहिलीकडं बघितलं. परत दाराकडं बघितलं. अन् दोन्ही फाटकं सताड उघडली. काय करणार बिचारा?

पाण्यात मात्र आमची फजिती झाली. काहिल गोल. तिला ना पुढं, ना मागं. एकानं इकडून वल्हं मारायचं, दुसऱ्यानं तिकडून, दोघांचा मेळ बसला तरच ती हलते. जो जास्त जोर लावतो तो जागेवर गरगर फिरतो. पहिल्या वर्षी सगळं गाव जागेवर फिरत होतं. अण्णांच्या काहिलीत मी. अण्णा म्हणायचे, रशीद, हळू. मी म्हणायचो, अण्णा, तुम्ही जोरात. वहिनी काठावरनं ओरडायच्या, भांडू नका, बुडाल. दरवर्षी आम्ही शेवटून पहिले. अन् दरवर्षी अण्णा गुडघाभर पाण्यात उतरून म्हणायचे, "फाटक उघडलं ना? मग जिंकलो."

आता ऐका. या रविवारी शर्यत हाय. त्यानंतर लगेच तहसीलदार साहेब या वाटेचा पंचनामा करायला येणार. शेठचं म्हणणं काय? या वाटेची वहिवाटच नाय, इथनं जातंच कोण? अन् नेमके आत्ता अण्णा गेले. सकाळी शेठचा माणूस येऊन गेला. लई गोड बोलला. दुःखाचं घर हाय, यंदा शर्यत नको, बरं दिसत नाय, म्हणाला.

अन् खरं सांगू? आपलीही माणसं तेच म्हणत होती. सुतक चालू हाय. या घरात वर्षभर सण नाय, तोरण नाय. हलगी कशी वाजवायची? तुमच्या घरच्या रीतीत मी कोण सांगणारा?

शेवटी भीत भीत आत गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी म्हणालो, वहिनी, शर्यत ठेवायची का राहू द्यायची? तुम्ही म्हणाल तसं. त्यांनी भिंतीचा टेका सोडला. मग म्हणाल्या, "रशीदभाई, सुतक आमच्या घराला हाय. वाटेला नाय."

ऐकलंत ना? सुतक घराला हाय. वाटेला नाय.

"हलगी नको," म्हणाल्या, "तोरण नको. पण काहिली न्या."

मी विचारलं, अण्णांच्या जागेवर कुणाला बसवू? तर म्हणाल्या, "मी बसते की. इतकी वर्षं काठावरनं सांगतीया, दोघांतल्या एकानं तरी ऐकलं का?"

अण्णांचे थोरले भाऊ दारातच उभे होते. मला वाटलं, आता हे चिडणार. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, अन् म्हणाले, "मग काहिलीला एक खांदा माझा धरा."

भावांनो, मला रडूही येत होतं अन् नाचावंसंही वाटत होतं. तेव्हापासून माझा फोन थांबलेला नाय. फुलंब्रीहून माणसं येतायत. पाचोडचे लोक म्हणतायत, आमच्याकडची काहिल टेम्पोत घालून आणतो. येऊ द्या. सगळ्यांना सांगा. मंडप माझा, जेवण माझ्याकडं. फक्त या.

आता आपण उभं राहू. अण्णांसाठी दोन मिनिटं शांत राहू. अण्णांना स्वतःला गप्प बसणं कधी जमलं नाय, हे मला मान्य हाय. पण रविवारी हलगी नसणार. घोषणा नसणार. काहिल खांद्यावर, तोंड बंद, अन् पुढं वहिनी. हीच शांतता घेऊन आपल्याला फाटकासमोर जायचंय. आज तिची सवय करून घ्या.

अण्णा, माझा सलाम घ्या.

उठा मंडळी. अन् रविवारी एवढं ध्यानात ठेवा, दोन्ही फाटकं उघडेपर्यंत तिथनं कुणी हलायचं नाय.