गढीच्या भिंतीतलं भोक

गढ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मुलचेऱ्याकडे एका शेतकऱ्याच्या जुन्या गढीची डागडुजी माझ्याकडे होती. दोन हात जाड मातीच्या भिंती आणि त्यांत शत्रूवर बंदूक रोखायला ठेवलेली भोकं. त्यांतून थंडी येते, म्हणून मालकाच्या मुलाने सगळी बुजवायला सांगितली होती.

शेवटचं भोक म्हाताऱ्या मालकाच्या, शामरावभाऊंच्या, खाटेशेजारी होतं. लकव्याने त्यांचे पाय गेले होते. मी चिखलाचा गोळा आत दाबला, तसे ते ओरडलेच.

"काऊन बुजवून राह्यले जी? तिथून मले बायको दिसते!"

मी घाईघाईने चिखल उकरला आणि डोळा लावला. समोर भातशेताच्या बांधीत त्यांच्या निर्मलाबाई वाकून धान कापत होत्या.

"दोन वर्षं झाली, असाच पाहतो," भाऊ हळूच म्हणाले. "तिले नका सांगू. हसंल मले."

दुपारी बाई जेवायला आल्या. हात धुता धुता त्याच माझ्या कानाशी म्हणाल्या, "तेवढं भोक राहू द्या जी. मी मधूनमधून उगीच उभी राह्यते, त्यायले तोंड दिसावं म्हून."