फाटक कुणाच्या हुकमानं उघडलं

हॅलो? … हॅलो, कोण? … श्रेया! अगं बोल, बोल. आईच बोलतेय… आवाज तुटतोय तुझा. थांब, दुकानाच्या बाहेर येते.

… हां, बोल. गुलमंडीच्या बाजारात हाय. सत्यमच्या लग्नाचा बस्ता बांधायला आलोय ना. बाबा आत बसलेत, चहा पिऊ लागलेत.

काय? … तुमचं येणं परत पुढं ढकललं? … अगं, गेल्या बारीला बी हेच. … व्हय, ऐकतेय. तुमच्या जागी दुसरी तुकडी येणार होती, मग? … म्हंजे त्या मोठ्या देशांचं बैठकीत जमलं नाय, म्हणून माझ्या पोरीनं आफ्रिकेत बसून राहायचं? … मी वरडत नाय. … बरं, वरडतेय! सख्ख्या भावाचं लग्न हाय, करवली तू…

अन् टीव्हीवर तर दाखवलं. दोन्हीकडच्या लोकांनी हातात हात दिले, हसत होते चांगले. लढाई थांबली म्हणले. मी पेढे वाटले अख्ख्या गल्लीत. तू शांतिसेनेत गेलीस तवा नव्हते वाटले, जीवच लागत नव्हता. ह्या बारीला वाटले. … मग? … परत पेटली? … परवा? … अन् तू आज सांगतीस?

लागलं का तुला? खरं सांग. … माझी शपथ? … बरं.

सांग. सावकाश सांग. … गावात बंदूकवाले शिरले. … व्हय. … बाया पळत तुमच्या छावणीकडं… लेकरं घेऊन. … मग घ्यायचं की आत! … फाटक बंद? का? … कुणाचा हुकूम? … साहेबांनी वर विचारलं. वरच्यांनी अजून वर. … तवर त्या बाया उन्हात, फाटकाबाहेर? अन् मागून गोळ्या? … अगं, मग तुम्ही गेलात कशाला तिकडं? निळी टोपी घालून फाटकाला कुलूप लावायला?

हॅलो? … हॅलो? श्रेया? … हां, आला आवाज. … काय केलंस? … तू? … तू उघडलंस? … हुकूम नसताना?

अहो भाऊ, नका हाक मारू, ती साडी ठेवा बाजूला. पोरीचा फोन हाय.

हां, बोल. … सगळ्या आल्या आत? … म्हंजे? … काही जणी बाहेरच राह्यल्या? … नको, नको सांगू. … रडू नको. … अगं रड, रड बाई. मी हाय इथंच.

… तुझ्यामुळं नाय ते. ऐक माझं. अगं, ऐक ना! उशीर झाला, खरंय. पण तो उशीर तुझा नाय. ते वर बसून फोनाफोनी करत होते, त्यांचा हाय.

आता काय म्हणतेत साहेब? … 'चूक झाली' म्हण? … एवढं म्हणलं की मिटलं? … अन् लगेच घरी? … तुकडी तिथंच, तुला एकटीला सोडतेत? … पुढच्याच विमानानं? … म्हंजे हळदीला पोचशील तू!

… अन् नाय म्हणलं तर? … चौकशी. … तवर तिथंच. … कधी संपंल? … त्यांनाच ठावं नाय.

… हाय मी. फोन चालू हाय. … विचार करतेय.

तुला काय वाटतं? … मला नको विचारू, मी तुला विचारतेय. चूक झाली का? … नाय ना? … मग झालं तर. लग्नाचं मी बघते. काकाच्या पोरीला, अपेक्षाला उभी करते करवली म्हणून. … सत्यम रुसंल. रुसू दे. … बाबांना मी सांगते. चिडतील, माझ्याशी बोलायचे नाहीत दोन दिवस. … तू म्हणू नको. ऐकलंस का? 'चूक झाली' असं तोंडातून काढू नको. आज तू म्हणलीस, तर पुढच्या बारीला कुणी कुलपाला हात लावणार नाय.

… मला वाटत नाय व्हय, तू यावंस? अगं, मला… जाऊ दे.

कोण रडतंय गं तिथं? … त्या बायांतल्याच एकीचं लेकरू? … अन् आई कुठंय त्याची? … अरे देवा.

मग फोन काय धरून बसलीस! घे त्याला. … लग्नाचं राहू दे गं. … दूध हाय का तिथं? … मग कोमट करून दे, चमच्यानं दे. मान धर नीट. … ठेव. ठेव म्हणते ना… नाय, मीच ठेवते. घे त्याला.