लिलिबेथचं पुस्तक यादीत का नाही

नाही बाई, चिठ्ठी टाकली म्हणजे वाचनालयात पुस्तक येतं असं नसतं. खोक्यात चिठ्ठ्या कुणीही टाकाव्यात, निवडायचं मला — वर्षाला चाळीस नवी, वीस कादंबऱ्या, वीस माहितीपर, आणि यादी आज दुपारच्या आत महापौरांच्या कचेरीत पोचली पाहिजे. बसा. तुम्ही शाळेत नव्या आलात म्हणून सांगते — या गावाला काय वाचायचंय ते गावालाच माहीत नाही. ह्या बघा चिठ्ठ्या. डुक्करपालन. परत डुक्करपालन. ‘मागची ती प्रेमाची कादंबरी, निळ्या कव्हरची’ — निळ्या कव्हरच्या अकरा आहेत माझ्याकडे, कुठली समजायची? फादर म्हणतात संतचरित्रं घ्या. दोन कपाटं भरलीत संतांनी, धूळ मी पुसते. आणि मी हौसेनं एक चांगली कादंबरी घेतली, इलोइलो बंदरातल्या हमालांवरची, तर तीन वर्षांत एकानं नेली, आणि परत आणताना म्हणतो कसा — मानांग, ताई, यात शेवटपर्यंत लग्नच होत नाही. मी शिक्का मारला.

आणि त्यात ही तुमची चिठ्ठी. लिलिबेथचं पुस्तक. याच पुस्तकासाठी आलेली नववी चिठ्ठी आहे ही. आपल्या गावची लेखिका, आईवर लिहिलंय, मनिलात बक्षीस मिळालं — सगळं ठाऊक आहे मला. बहीण आहे ती माझी. — हो, सख्खी, धाकटी. कुणी सांगितलं नाही ना तुम्हाला? नाहीच सांगणार. इथले लोक बोलत नाहीत, चिठ्ठ्या टाकतात.

का नाही घेतलं म्हणजे — ठेवू कुठं ते? ‘आठवणी’ म्हणून छापलंय, म्हणजे माहितीपर. मग त्यातली माहिती खरी नको? नानाय, आमची आई, पेजेत कोंबडी घालायची म्हणे. कुठली कोंबडी? आलं आणि मीठ, फार तर वर सुका मासा. अंगणात आंब्याचं झाड लिहिलंय — ते शेजाऱ्यांचं होतं, आमच्याकडे नुसती सावली. ही बघा माझी प्रत. आहे माझ्याकडे. इलोइलोला बसनं जाऊन आणली, इथं मागवली असती तर गावभर झालं असतं. तीनदा वाचली, पेन्सिलीनं खुणा केल्या. एकसष्ट चुका. आता कादंबऱ्यांत लावली तर म्हणतील, बहिणीला खोटी पाडली. आणि माहितीपरमध्ये लावू तर — नानाय होती तोवर अकरा वर्षं ती घरी आली नाही, बाई. शेवटची दोन वर्षं नानायला न्हाऊ घातलं मी, कूस बदलली मी, आणि आईवरचं पुस्तक कुणाचं? तिचं.

चाळा, चाळा. सगळीकडे सापडतील खुणा. — ते कुठलं उघडलंत? चौदावं प्रकरण. हो, तिथं नाहीत. नाही, राहून नाही गेल्या.

नाहीत कारण तिथं चूक नाही.

शेवटचा महिनाभर नानाय रोज विचारायची, लिलीला फोन केलास का? मी म्हणायची, केला, तिला रजा मिळत नाही. फोन स्वयंपाकघरात, भिंतीला, चार पावलांवर. मी जायची, रिसीव्हर उचलायची, आणि नानायला ऐकू जाईल इतपत बोलायची — बरं, बरं, पुढच्या आठवड्यात तरी ये — आणि ठेवून द्यायची. नंबरच फिरवला नव्हता. का? मला वाटायचं, ती आली की नानाय परत तिच्याकडेच बघत राहील. लहानपणापासून तेच होतं आमच्याकडे. आता कुठं दोन वर्षं माझ्याकडे बघत होती — म्हटलं, आणखी थोडे दिवस. थोडेच उरलेत हे मला कुठं माहीत होतं? गुरुवारी गेली. खरा फोन मी शुक्रवारी केला.

वाचा काय लिहिलंय तिनं. नाही, मोठ्यानं नको, मला पाठ आहे. ‘मला कुणी कळवलं नाही. का, ते मी मानांगला विचारलं नाही. तिच्याजवळ आईखेरीज काहीच नव्हतं.’ एवढंच. तीन ओळी. नानाय गेल्यावर नऊ दिवस माझ्या शेजारी बसून तिनं प्रार्थना म्हटल्या, आल्यागेल्याला कॉफी दिली, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली एकदा. आणि तिला ठाऊक होतं. ओरडली असती माझ्यावर तर मी पण ओरडले असते. सोपं झालं असतं. हे असं छापून ठेवलं तिनं.

यादीत एक जागा मोकळी आहे, हो. माहितीपरमध्ये. आठवडाभर मोकळीच ठेवलीय. द्या ते पेन.

लिहिलं. बघा, आडनाव बरोबर आलंय ना — आमचंच आहे, पण या यादीत कधी लिहिलं नव्हतं.

ही प्रत? नाही, ही नाही देणार कुणाला. पावसाळा संपला की नवी येईल, कोरी, तेव्हा या आणि सही करून न्या. आणि तुम्ही मला काही म्हणू नका आत्ता. काही म्हणायचं असेल तर शाळेत जाऊन म्हणा. उठा बाई, कचेरी बारा वाजता बंद होते.