आईचा खांब

धाकटी : ताई, आलेखाखालची नावं तिरकी करू की उभी? आडवी ठेवली तर एकमेकांच्या अंगावर चढतायत.

ताई : तिरकी नको गं. तुझा आलेख वाचताना मान मोडते, म्हणायची आई.

धाकटी : आईला आता कुठे वाचायचाय!

ताई : असं बोलू नये.

धाकटी : चुकलं. पण बघ ना, केंद्रातून म्हाताऱ्यांना फोन करणाऱ्या चौदा जणी, एकेकीचं नाव हातभर. आणि पंधरावं आईचं.

ताई : आईचं? जाऊन दोन महिने झाले तिला.

धाकटी : प्रोग्रामला कुणी सांगितलं ते? त्याच्याकडे नावांची यादी पहिल्यापासून आहे. महिनाभर एकही फोन केला नाही तरी नाव खाली राहतं. वर खांब नाही, नुसती मोकळी जागा. रिकामी नावं गाळायची प्रोग्राममधे एक ओळ असते, ती घातली मी.

ताई : मग गेलं?

धाकटी : रजेवरच्या दोघी गेल्या. आई आहे तशी आहे.

ताई : परत घालून बघ.

धाकटी : तीनदा घातली. ताई, ती ओळ फक्त रिकामी नावं गाळते.

ताई : बरं, मग?

धाकटी : मग आई रिकामी नाहीये. बाकीचे खांब पाचशे-सहाशेचे, म्हणून नजरेत आलं नाही. हे बघ, मोठं केलं. नखाएवढा आहे. तीस फोन.

ताई : दुसरी कुणी बसली असेल तिच्या खुर्चीवर. नोंद काय, मशीन करतं. ज्या टेबलावरून फोन लागला त्या नावावर टाकतं.

धाकटी : आईच्या आतल्या खोलीत? तिला कुलूप कुणी लावलंय?

ताई : मीच. किल्ली माझ्या कमरेला आहे. ...कुणाला केलेत गं फोन?

धाकटी : एकच नंबर. रोज चार वाजता, तीन-तीन मिनिटं. घड्याळवाले आजोबा.

ताई : अगं बाई!

धाकटी : काय झालं?

ताई : ती गेल्यावर तिच्या म्हाताऱ्यांची यादी मीच वाटून दिली सगळ्यांना. चौतीस जण. आजोबा कुणाला दिले?

धाकटी : मला नाही दिलेस.

ताई : कुणालाच नाही दिले. कुणी म्हातारं माणूस एकटं पडून राहू नये म्हणून हे केंद्र, आणि मीच त्यांना विसरले. दोन महिने! लाव, आधी फोन लाव त्यांना. देवा, उचलू देत.

(फोनचा स्पीकर सुरू.)

आजोबा : कोण? आज पाच मिनिटं आधीच?

ताई : आजोबा, केंद्रातून बोलतेय. थोरली मुलगी. बरे आहात ना?

आजोबा : ठणठणीत! मधे ताप होता आठवडाभर. तुझ्या आईनं गोळी घेतल्याशिवाय फोन ठेवू दिला नाही. म्हणाली, पाण्याचा घोट ऐकू आला पाहिजे मला.

ताई : आईनं.

आजोबा : हल्ली आवाज बारीक येतो तिचा. तिलाही काढा द्या काहीतरी. बरं, ठेव आता पोरी. चार वाजत आले, लाइन मोकळी हवी.

धाकटी : ठेवला त्यांनी. ताई, त्यांना माहीतच नाही. सांगायला हवं ना कुणीतरी?

ताई : श्श. ऐक.

धाकटी : ...आतून येतोय?

ताई : बटणं दाबते आहे. सावकाश, एकेक. चष्म्याशिवाय दाबायची तशी.

धाकटी : किल्ली दे. मी बघते.

ताई : बस खाली. आजवर तिचा फोन चालू असताना आत गेलो का कधी आपण?

धाकटी : उद्या विश्वस्तांपुढे ठेवायचाय आलेख. काय सांगू त्यांना? नाव हातानं पुसून टाकते सरळ.

ताई : हात लावू नकोस. तिचा नेम आहे तो, मोडणारे आपण कोण? सकाळचा फोन उद्यापासून मी करीन आजोबांना. चारचा तिचा.

धाकटी : आणि ही नावं गाळायची ओळ?

ताई : काढून टाक. नावं आडवीच ठेव सगळी. कागद रुंद झाला तर होऊ दे. तिची मान मोडायला नको.