दिवस बुडाल्यावरचं ताट

मंगरूळपीरहून निघालेल्या बसमध्ये नीलिमाच्या पुढच्या सीटवर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, जुन्या शेजारणी. बेबीताई विचारत होती, अंगुरीबाई सांगत होती.

“नातीची एडीएचडीची गोळी चालूच हाय?”

“हाव. पयले टीना वर्गात घडीभर टेकत नव्हती. आता गणित पुरं करूनच उठते.”

“मंग चांगलं हाय ना.”

“हाय. पण दिवसभर घास उतरत नाही तिच्या गळ्याखाली. डबा तसाच वापस येते. गोळीचा असर संध्याकाळी उतरते, तवा भूक लागते.”

“मंग तवा जेवाव.”

“आमच्या जैनाच्या घरात दिवस बुडाल्यावर कोण जेवते, बेबी? पोरगी उपाशीच झोपे. आमाले वाटलं, नेम पाळून राह्यली.”

“माय वं.”

“वजन घटलं, तवा डॉक्टरनं इचारलं, रात्री काय खाते. तवा आमच्या ध्यानात आलं, पोरगीले भूकच रात्री लागते.”

“गोळी बंद नाही केली?”

“तीच नाही म्हणे. आजी, मले आता कुठं पुस्तक समजून राह्यलं.”

नीलिमानं कानातले इअरफोन काढले.

“मंग?”

“मंग काय. रात्री मी गॅस पेटवतो, गरम पोयी वाढतो.”

“तुमी? अन् तुमचा नेम?”

“माहा चालू हाय ना. मी नुसती बाजूले बसतो. एकटी बसली का पोरगी कमी जेवते.”